काम चालू आहे

१२ एप्रिल

ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून कोणी गेलं की काय असं तुला वाटेल. कोणी गेलेलं नाही. तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, घरी आलो तर दार उघडणार नाहीस आणि हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आपण दोघांनी जो तमाशा केला, त्यानंतर तिथल्या सिस्टरने आपल्याला हात जोडले आहेत. तेव्हा राहिलं पोस्ट. शिवाय कागदावर तुला मधे तोंड घालता येत नाही, हा फायदा आहेच.

मुद्द्याचं लिहितो. बाबांना हॉस्पिटलमधून सोडून आठवडा झाला आणि ते परत तुझ्याकडेच आहेत. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला खुर्चीत बसवून चार हमालांकडून वर चढवलंस, हे मला तुझ्या खालच्या किराणावाल्याकडून कळलं. मुलगा आहे मी त्यांचा, आणि मला बातमी किराणावाल्याकडून.

ते माझ्याकडे राहायला येणार हे ठरलं होतं. ठरवलं तूच होतंस, त्यांच्या गुडघ्यांना जिने झेपत नाहीत म्हणून. माझं घर तळमजल्यावर आहे. खोलीला रंग दिलाय. बाथरूममध्ये दोन्ही बाजूंना धरायला दांडे बसवलेत, मी स्वतः, रविवार घालवून. आता तू म्हणतेस की ते कुठेही जाणार नाहीत. का?

माझ्या चार्जरमुळे बाबा पडले असं तू सगळ्यांना सांगत सुटली आहेस. मामालाही सांगितलंस. मी विजेच्या गाड्यांचे चार्जर सांभाळायची नोकरी करतो. हायवेवरचा प्रत्येक चार्जर काही माझ्या बापाचा नाही. घाटाखालच्या चार्जरची दूरुस्ती चालली होती. बाबांना माझ्याकडे आणताना तू वाटेतून मेसेज केलास, 'घाटाखालचा चार्जर चालू आहे का, एका ओळीत सांग.' मी एका ओळीत सांगितलं, 'काम चालू आहे.' म्हणजे दुरूस्ती चाललीय, तिथे जाऊ नकोस, आधीच्या टोलनाक्यावर गाडी भरून घे. तरी तू गेलीस. मग दुरुस्ती करणाऱ्याच्या नावाने खडे फोडायचे. चोराच्या उलट्या बोंबा.

बाबांना कधी आणतेस ते कळव. तुला यायचं नसेल तर मी गाडी घेऊन येतो. तू खिडकीतून बघ.

बारक्या

•

१७ एप्रिल

चि. बारक्यास,

'चि.' हाताच्या सवयीने पडलं. त्यात आशीर्वाद शोधू नकोस.

तुझ्या पत्रात 'दुरुस्ती' हा शब्द तीनदा आला आहे आणि तीनदा वेगळा आला आहे. तिसऱ्यांदा बरोबर आहे, बहुतेक चुकून. मी इतकी वर्षं प्रुफं तपासून पोट भरते, त्यामुळे नजर जाते. शब्दाची दुरुस्ती ज्याला धड लिहिता येत नाही, त्याच्या हाती लोकांनी हायवेवरची यंत्रं दिली आहेत. मग रस्त्यात बसायची वेळ येणारच.

आता तुझ्या एका ओळीबद्दल. माणसाने विचारलं, चालू आहे का? समोरून उत्तर आलं, काम चालू आहे. कुठलाही धडधाकट माणूस याचा अर्थ काय घेईल? की ते काम करतंय, चालू आहे. तुला 'बंद' लिहिता आलं असतं. काना नाही, मात्रा नाही, ऱ्हस्व नाही, दीर्घ नाही. तुलासुद्धा चुकवता आलं नसतं. मी तो मेसेज वाचला आणि सरळ अर्थ घेतला. टोलनाक्यावरचं मशीन मोकळं होतं. गाडीत चाळीस टक्के होतं. पुढचं चालू आहे म्हटल्यावर मी कशाला थांबू? बाबांना उन्हात ताटकळत कशाला ठेवू?

त्या दिवशी काय झालं ते व्हरांड्यात तू ऐकून घेतलं नाहीस. आता ऐक.

घाट उतरताना बरं चाललं होतं. खाली पोचलो तर मशीनचा पडदा काळा. वायर गुंडाळून दोरीने बांधलेली. अॅपमध्ये त्याच जागेवर हिरवा ठिपका, जणू काही आमचीच वाट बघत होता. मागे एक हॉटेल, तेही बंद, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. झाड म्हणशील तर एक नाही. पुढच्या चार्जरपर्यंत पोचायला गाडीत पुरेसं नव्हतं आणि मागे फिरायला घाट चढायचा होता. एसी बंद केला, काचा उघडल्या. हेल्पलाइनला फोन लावला. पोरगी गोड आवाजात म्हणाली, मॅडम, टेक्निशियन निघालाय. रस्त्यापलीकडे पंक्चरचं दुकान होतं. तो माणूस भला. पाण्याच्या दोन बाटल्या आणून दिल्या. त्याच्या दुकानातून वायर ओढून गाडी हळूहळू भरता येईल का, तेही बघितलं, पण वायर निम्म्या रस्त्यापर्यंतच आली. गाडी ढकलून पलीकडे न्यायची तर ट्रक थांबायला तयार नाहीत.

आम्ही टेक्निशियनची वाट बघत बसलो. बाबांचा शर्ट ओला झाला, मग वाळला, मग पुन्हा ओला झाला. जरा पाय मोकळे करून येतो म्हणून ते उतरले. मी मशीनच्या दारावरचा दुसरा नंबर लावत होते. थोड्या वेळाने पंक्चरवाला धावत आला. म्हातारबुवा वळणावर पडलेत म्हणाला.

तू हॉस्पिटलात आलास तेव्हा त्यांना वॉर्डात आणून तास उलटला होता. वरातीमागून घोडं. आणि आल्या आल्या माझ्यावरच ओरडलास.

बाबा इथेच राहतील. तुझे दांडे तुलाच लखलाभ.

ताई

•

२२ एप्रिल

ताई,

तू माझं पत्र लाल पेनाने तपासलं असणार याबद्दल मला शंका नव्हतीच. पास केलंस की नापास?

'काम चालू आहे' याचा अर्थ आपल्या घरात कोणी कोणाला शिकवायचा? बाबांनी जन्मभर लाइनमनची नोकरी केली. खांबावर माणूस चढला की खाली पाटी लागायची, 'काम चालू आहे'. म्हणजे लाइन बंद, कोणी बटणाला हात लावायचा नाही, वर माणूस आहे. शेंबडा पोर होतो तेव्हापासून मला ते माहीत आहे. तुलाही माहीत आहे, कारण त्यांच्या पाटीवरची अक्षरं पुसली तेव्हा ती तूच पुन्हा रंगवून दिली होतीस. तेव्हा तुझी 'चालू'तली चूक बाबांनीच काढली होती. 'चा'चा काना विसरली होतीस. आमच्या कंपनीतही ती ओळ अजून तशीच चालते. मी तुला घरच्या भाषेत उत्तर दिलं. तू घरची राहिली नाहीस तर मी काय करू?

आणि एक. तू गाडी चालवताना फोनला हात लावत नाहीस. सिग्नलला उभी असलीस तरी लावत नाहीस. माझ्या लग्नात हॉलचा रस्ता चुकलीस, तरी गाडी बाजूला घेईपर्यंत फोन उचलला नव्हतास. मग त्या दिवशी घाटाच्या तोंडाशी मेसेज वाचलास म्हणतेस तो कधी? कोणी वाचला?

आता फुकटचा सल्ला, ऐकायचा तर ऐक. एका चार्जरच्या भरवशावर कोणी निघत नाही. अॅपमधला हिरवा ठिपका म्हणजे मशीनने शेवटचं तोंड उघडलं तेव्हा ते बरं होतं, एवढंच. चाळीस टक्क्यांवर मोकळं मशीन सोडून पुढे जाणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी. टोलनाक्यावर अर्धा तास बसली असतीस तर आज बाबा माझ्या अंगणात खुर्ची टाकून बसले असते.

टेक्निशियनबद्दल सुचवून सुचवून लिहिलं आहेस ते कळलं. त्या मशीनचा आतला एक सुटा भाग यायचा होता. तो नव्हता म्हणून मला दुसऱ्या साइटला पाठवलं. कंपनी पाठवते तिथे मी जातो. बहीण अडकली आहे म्हणून मशीन मनाने सुरू होत नाही.

बाबांचं काय ते लिही. नुसतं 'इथेच राहतील' हे उत्तर नव्हे. त्यांना विचारलंस का?

बारक्या

•

२७ एप्रिल

बारक्या,

काना विसरले तेव्हा मी तिसरीत होते. तू कितवीत असताना 'दुरुस्ती' शिकणार आहेस?

बरं, ऐक. मेसेज मी वाचला नाही. बाबांनी वाचला. विचारताना मी गाडी बाजूला घेतली होती, उत्तर आलं तेव्हा गाडी चालू होती आणि फोन त्यांच्या मांडीवर होता. हे मी लिहिलं नव्हतं, कारण तू उद्या त्यांच्यावरही उलटशील याची मला खात्री होती. आई गेली तेव्हापासून घरात जे काही मोडतं ते दुसऱ्या कोणीतरी मोडलेलं असतं, तू नेहमी दुसऱ्या साइटला असतोस.

मी त्यांच्या वाचण्यावर का विसंबले तेही सांगते. तुला माहीत नाही, कारण तू सहा वर्षांत माझ्या घरात पाऊल टाकलं नाहीस. बाबा इथे राहायला आल्यापासून माझ्या कामात हात देतात. मूळ प्रत ते मोठ्याने वाचतात आणि मी प्रुफावर बोट ठेवून जुळवत जाते. आमच्या धंद्यात हे काम करायला पूर्वी वेगळा माणूस ठेवायचे. बाबा स्वल्पविरामसुद्धा 'स्वल्पविराम' असा वाचतात. नवा परिच्छेद आला की 'नवा परिच्छेद' म्हणतात. त्यांच्या वाचण्यावर मी आख्खी पाठ्यपुस्तकं छापायला पाठवली आहेत आणि एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही. त्या दिवशी फोन वाजला, मी म्हटलं, बाबा, काय म्हणतो? ते म्हणाले, 'चालू आहे.' मी टोलनाका सोडला.

तेव्हा त्यांचा एक शब्द गळला. म्हाताऱ्या माणसाचा गळतो. उन्हाने, गाडीच्या हलण्याने, चष्म्याने. मी त्यांना त्याबद्दल एका शब्दाने बोललेले नाही आणि तू बोललास तर याद राख.

आता तुझी पाळी. हेल्पलाइनची पोरगी मला म्हणाली होती, टेक्निशियन निघालाय. ही गोष्ट दुपारची. नंतर पुन्हा फोन केला तेव्हा ती म्हणाली, टेक्निशियनने काम परत केलंय, उद्या बघू. पाठवलाच नव्हता असं ती म्हणाली नाही. निघाला होता, आणि मग परत केलं. त्या पट्ट्यात मशीनं सांभाळणारा तुझ्याशिवाय दुसरा माणूस नाही, हे तूच मामाकडे मिशीला पीळ देऊन सांगायचास. मग निघालेला माणूस कोण होता? ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस.

ताई

•

३ मे

ताई,

कोण कुठे निघालं आणि कोणी काय परत केलं ही कंपनीच्या आतली गोष्ट आहे. हेल्पलाइनवरच्या पोरी दिवसाला शंभर जणांना 'निघालाय' सांगतात. त्यांचं कामच ते आहे.

आईचं काढलंस म्हणून मीही काढतो. तेव्हा मीही लाइनमनच होतो आणि ती गेली त्या दिवशी वादळात पडलेल्या लाइनवर होतो. गावातला दवाखाना अंधारात होता. मी पोचलो तेव्हा उशीर झाला होता हे मला तुझ्याआधी कळतं. तरी तू सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालीस, 'याला आईपेक्षा खांब जवळचे.' मी ते वाक्य रोज घेऊन कामाला जातो. तुझ्या दारात पाऊल का टाकत नाही असं विचारतेस, म्हणजे कमाल आहे.

आणि बाबांचा शब्द गळला म्हणतेस? तू? स्वल्पविराम वाचणारा माणूस तीन शब्दांच्या ओळीतला पहिलाच शब्द गाळेल? तोही 'काम'? जन्मभर जी पाटी हाताने बांधली तिच्यातला? ताई, तू परक्यांची पुस्तकं इतकी बारीक तपासतेस आणि घरातलं एवढं ढळढळीत तुझ्या नजरेतून सुटलं.

तूच विचार त्यांना. आणि हेही विचार की त्यांना कुठे राहायचं आहे. मला तुझी मतं नकोत. ते काय म्हणाले ते लिही. तुझ्या लाल पेनाने न तपासता, एक अक्षर न बदलता, जसंच्या तसं. एवढं तरी तुझ्या धंद्याला जागून कर.

उत्तर आलं नाही तर मी मामाला घेऊन येतो. मग जिन्यात पुन्हा तमाशा होईल आणि तुझे शेजारी तिकीट न काढता बघतील.

बारक्या

•

१९ मे

बारक्या,

उत्तराला उशीर झाला तरी तू मामाला घेऊन आला नाहीस. मामाला जिने नको वाटले असतील. काहीही असो.

तुझं पत्र आल्यावर मी बरेच दिवस काही विचारलं नाही. तू म्हणतोस ते माझ्याही मनात आलं होतं, हे तुला सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. मी हॉस्पिटलात मेसेज उघडून बघितला होता. 'काम' तिथे होतं. मी तो फोन पर्समध्ये टाकला आणि चष्म्यावर खापर फोडलं.

परवा दुपारी आम्ही भूगोलाचं प्रूफ वाचत होतो. बाबांच्या पाठीशी दोन उशा होत्या. ते वाचत होते, वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात पूर्णविराम. मी बोट उचललं आणि विचारलं. आता जे लिहिते आहे ते जसंच्या तसं आहे. तू मागितलंस म्हणून, आणि माझ्या धंद्याला जागून.

मी विचारलं, 'बाबा, त्या दिवशी तुमच्याकडून काम हा शब्द गळला का?'

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, 'गळला नाही. वाचला नाही.'

मी का म्हणून विचारलं. ते म्हणाले की तू माझ्या दारात येणार नव्हतास, मी तुझ्या दारात जाणार नव्हते. तुझी बायको तुमच्या घराजवळच्या नाक्यावर येऊन त्यांना उतरवून घेणार आणि मी तिथूनच गाडी वळवणार, असं आपण तिच्यामार्फत ठरवलं होतं. ते म्हणाले, 'मी काय पार्सल आहे?' मग म्हणाले, 'मशीन बंद आहे म्हणजे ते उघडायला तोच येणार, त्या रस्त्याला दुसरा माणूस नाही. तुला तिथून हलता येणार नाही, त्याला काम टाकता येणार नाही. तासभर एका जागी उभे राहाल. भांडाल. भांडा, पण समोरासमोर.' त्यांनी हे सगळं टोलनाका यायच्या आत ठरवलं. तुझी तीन शब्दांची ओळ वाचली, एक शब्द खिशात घातला आणि उरलेले दोन मला दिले.

मला इतका राग आला की मी भूगोलाचे कागद पलंगावर आपटले. मी म्हटलं, तुमच्या त्या खेळापायी हाड मोडून बसलात आणि तो तर आलाच नाही. ते विस्कटलेले कागद जुळवायला लागले. मी खनपटीलाच बसले तेव्हा म्हणाले, 'आला होता.'

वळणाशी तुझी गाडी आली होती. टपावर शिडी. ते म्हणाले, शिडी डाव्या अंगाला सरकवून बांधतो तो, मीच शिकवलंय त्याला, लांबून ओळखली. मी मशीनकडे तोंड करून फोनवर ओरडत होते. तुझी गाडी तिथे थांबली. तू मला पाहिलंस. ते बघत होते, तू उतरतोस का. तू उतरला नाहीस. तेव्हा ते पाय मोकळे करायचं निमित्त सांगून निघाले. पाय मोकळे करायला गेले नव्हते, बारक्या. तुला हाक मारायला गेले होते. त्यांनी हात वर केला. तू गाडी वळवलीस. ते भरभर चालायला लागले, त्या गुडघ्यांनी, उतारावर. मी मोडलेल्या रस्त्याला, उन्हाला, तुझ्या मशीनला दोष देत होते. ते तुझ्या गाडीमागे धावताना पडले.

मी विचारलं, त्याने तुम्हाला पाहिलं का? ते म्हणाले, 'नाही. पाहिलं असतं तर थांबला असता.' हेही जसंच्या तसं लिहिलं आहे. खरं काय ते तुला माहीत आणि तुझ्या गाडीच्या आरशाला माहीत.

मग त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला की यातलं काही तुला सांगायचं नाही. म्हणाले, 'त्याला हे सोसायचं नाही.' मी शब्द दिला. तो आता मोडते आहे. तू दोन महिने मामाकडे, तुझ्या बायकोकडे, माझ्या किराणावाल्याकडे माझी उणीदुणी काढलीस. टोलनाका सोडला म्हणून, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागले म्हणून. तुला माझं तोंड बघायचं नव्हतं एवढ्यासाठी तू बापाला उन्हात सोडून गेलास, आणि वर मला म्हणी शिकवल्यास. मी तुला क्षमा करणार नाही. ते करतील. त्यांनी केलीसुद्धा आहे, आणि याचा मला तुझ्याहून जास्त राग येतो.

आता तुझा दुसरा प्रश्न. तो मी शेवटी विचारला. खरं सांगते, उत्तर ठरलेलं आहे असं समजून विचारला. इतकी वर्षं त्यांचं पथ्यपाणी, औषधं, जिने, रात्रीचा खोकला, सगळं मी केलं. हाड बसवताना त्यांचा हात माझ्या हातात होता. आणि आत्ताच त्यांनी तुझं ते वळण सांगितलं होतं. मी विचारलं, 'बाबा, तुम्हाला कोणाकडे राहायचंय?'

ते म्हणाले, 'त्याच्याकडे.'

त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. मग म्हणाले, 'तू माझ्यावाचून राहशील. तो नाही राहणार.' मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. मला फार लागलं. हा माझ्यावाचून राहू शकणार नाही, असं बापाला वाटायला माणसाने नेमकं किती नालायक असावं लागतं, ते तू मला कधीतरी शिकव.

हे पत्र मी दुसऱ्यांदा लिहिते आहे. पहिल्यात त्यांचं उत्तर मी 'तुझ्याकडे', म्हणजे माझ्याकडे, असं लिहिलं होतं. बाकी सगळं खरं होतं, एवढा एकच शब्द बदलला होता. तुला कधी कळलं नसतं. पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं. मग फोडलं आणि फाडून टाकलं. मला ते जमत नाही. हा माझा धंदा आहे.

तेव्हा येऊन घेऊन जा त्यांना. रविवारी ये. दार उघडं असेल. माझ्याशी बोलायची गरज नाही, मीही बोलणार नाही. मामाला आणू नकोस. हमालही सांगू नकोस, त्यांना परक्यांच्या हातात जायची लाज वाटते. आपण दोघं धरू. खुर्ची तू खालच्या बाजूने धर, मी वरून धरते. उतरताना वळणावर थांबायचं, त्यांना बसल्या बसल्याही दम लागतो. खाली खुर्चीतून उठताना डावा पाय आधी टेकू दे, उजवी मांडी अजून भरून आलेली नाही. दुखतंय का, म्हणून विचारू नकोस. ते नाहीच म्हणतील. तुला तर नाहीच म्हणतील.

ताई